जिग बाजूला ठेवण्याचे गुण: लोडरच्या कौशल्य मूल्यमापनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ॲल्युमिनियमच्या जॉबवर, म्हणजे प्रक्रियेसाठी आलेल्या सुट्या भागांवर, ॲनोडायझिंग (विजेच्या मदतीने ऑक्साइडचा थर चढवणं) करणाऱ्या एका विभागातलं हे प्रकरण आहे. माणसं आणि कारखाना ओळखू येतील असे तपशील काढले आहेत, कामाचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवलेत. त्या विभागात प्रक्रिया आणि प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी मी बघत होतो.

दोन पाळ्यांत मिळून अकरा लोडर होते. लोडरने कच्चा जॉब हातात घ्यायचा, जिगला (जॉब टोकांनी पकडून त्याला करंट पोचवणाऱ्या चौकटीला) लावायचा आणि भरलेला जिग फ्लाइट बारवर, म्हणजे जिग टांगायच्या आडव्या दांड्यावर, अडकवायचा. त्यानंतर क्रेन बार उचलते आणि एकेक टाकी पार करत नेते: तेल काढणं, कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), डीस्मट (कॉस्टिकनंतर उरलेली काजळी काढणं), ॲनोडायझिंग, रंग, सीलिंग (थराची छिद्रं बंद करणं), आणि प्रत्येकाच्या मध्ये पाण्याने धुणं. एकदा बार उचलला गेला की लोडरला काहीच दुरुस्त करता येत नाही. जॉब ढिला लागलेला असेल तर ते दीड-दोन तासांनी, शेवटच्या टाकीतून बाहेर आल्यावर कळतं. तोवर त्याच्या हाताखालून आणखी बरेच जिग गेलेले असतात.

ॲनोडायझिंगमध्ये जॉब घट्ट बसणं इतकं महत्त्वाचं का, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. जस्ताच्या प्लेटिंगमध्ये वर चढणारा थर धातूचाच असतो. तिथे जॉब किंचित हलून पुन्हा टेकला तरी करंट वाहत राहतो. ॲनोडायझिंगमध्ये तयार होतो तो ऑक्साइडचा थर, आणि तो वीज अडवतो. जिगचं टोक ज्या जागी धातूला घट्ट दाबून असतं, तेवढ्याच जागी ऑक्साइड धरत नाही. टाकीतल्या हवेच्या बुडबुड्यांनी किंवा क्रेनच्या धक्क्याने जॉब केसभर सरकला की टोक नव्या ऑक्साइडवर येतं आणि त्या जॉबचा करंट तिथेच थांबतो. परत सुरू होत नाही.

आमचे जिग ॲल्युमिनियमचेच होते. जॉबसोबत त्यांच्यावरही थर चढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर कॉस्टिकमध्ये तो उतरवावा लागतो. थर उतरताना थोडा धातूही जातो. त्यामुळे जिगची स्प्रिंगसारखी टोकं हळूहळू बारीक होतात आणि त्यांचा दाब कमी होतो. टायटॅनियमचे जिग कॉस्टिकमध्ये झिजत नाहीत, पण ते महाग पडतात आणि ॲल्युमिनियमच्या मानाने वीज कमी वाहून नेतात, म्हणून जाड घ्यावे लागतात.

अडचण

काळ्या रंगाचं एक झाकण होतं. खोलगट आकार, आतल्या कडेला आरपार न जाणारी आट्यांची सहा भोकं. थर 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला होता, 15 च्या खाली चालत नव्हता. एका बारवर चार जिग आणि प्रत्येक जिगवर सहा, असे 24 जॉब.

तक्रार आली ती रंगाची. काही झाकणं काळी होण्याऐवजी तपकिरी-करडी दिसत होती. जाडी मोजली तर ती 5 मायक्रॉनच्या आसपास निघाली. त्याच बारवरची बाकीची 25 च्या जवळ होती. गुणवत्ता विभागाचा पहिला संशय रेक्टिफायर (टाकीला करंट पुरवणारं यंत्र) चालवणाऱ्यावर गेला: करंट जास्त-कमी झाला असणार.

कागदावर हिशोब मांडल्यावर चित्र बदललं. एका जॉबचं क्षेत्रफळ 4 चौरस डेसिमीटर, म्हणजे 24 जॉबचं 96. दर चौरस डेसिमीटरला 1.5 ॲम्पिअर धरून रेक्टिफायर 144 ॲम्पिअरवर स्थिर ठेवलेला होता (जिगचं स्वतःचं क्षेत्रफळ सोपेपणासाठी सोडलं आहे). या घनतेला मिनिटाला साधारण अर्धा मायक्रॉन थर चढतो, म्हणून 40 मिनिटांत 20. आता दहाव्या मिनिटाला सहा जॉबचा संपर्क तुटला असं धरा. ते 5 मायक्रॉनवर अडकतात. रेक्टिफायर मात्र 144 ॲम्पिअर देतच राहतो, आणि ते उरलेल्या 72 चौरस डेसिमीटरवर जातात, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला 2 ॲम्पिअरने, आणि थरही त्याच प्रमाणात वेगाने चढतो. उरलेल्या 30 मिनिटांत त्या अठरा जॉबवर आणखी 20 मायक्रॉन चढतात आणि ते 25 ला पोचतात. सगळ्यांची सरासरी बरोबर 20. रेक्टिफायरवाल्याची काहीच चूक नव्हती.

आणखी एक खूण होती. एका जिगवरचे सहाच्या सहा जॉब पातळ निघाले असते, तर जिगचा हूक आणि बार यांच्या सांध्यावर संशय घेतला असता. इथे पातळ जॉब चारही जिगवर विखुरलेले होते. म्हणजे जॉब आणि टोक यांच्यामध्येच काहीतरी सुटत होतं.

इथून व्यवस्थापन थेट निष्कर्षाला गेलं. लोडर नीट लावत नाहीत, सगळ्यांची परीक्षा घ्या, नापास होतील त्यांना दुसऱ्या कामावर टाका. ही परीक्षा आखायचं काम माझ्याकडे आलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय लेखी परीक्षेचा. ती लवकर होते आणि कागद जपून ठेवता येतो. पण जॉब बसला की नाही हे बोटांना कळतं, आणि ते कळणं प्रश्नपत्रिकेत उतरत नाही. शिवाय आमच्यातल्या दोघांना लिहिण्याची सवय नव्हती. त्यांची परीक्षा हस्ताक्षराची झाली असती.

दुसरा पर्याय नोंदवहीतून प्रत्येकाच्या नावावरचे रिजेक्शन मोजण्याचा. दिसायला हा सगळ्यात न्याय्य वाटतो. मात्र अवघड जॉब नेहमी अनुभवी माणसाकडेच दिला जातो, त्यामुळे नोंदवहीत सर्वांत वाईट आकडे सर्वांत चांगल्या हाताच्या नावावर पडतात. आमच्याकडे नेमकं तसंच होतं. शिवाय पाळी बदलताना अर्धा भरलेला बार कोणाच्या नावावर लिहायचा, याला काही नियमच नव्हता.

तिसरा पर्याय प्रत्यक्ष काम करवून घेऊन पाहण्याचा. प्रत्येकाला ठरलेले जॉब आणि जिग द्यायचे, भरताना निरीक्षण करायचं आणि तो बार खरोखर टाकीतून काढून जाडी मोजायची.

चौथा पर्याय परीक्षेचा नव्हताच. चुकीचा लावताच येणार नाही असा जिग बनवून घ्यायचा. मला तो मनापासून पटत होता, पण जॉबचे प्रकार सतत बदलत होते आणि प्रत्येकासाठी वेगळा जिग बनवणं शक्य नव्हतं.

तिसरा निवडला. तेव्हा चौथ्यातला एक प्रश्न आम्ही विचारलाच नाही: आत्ता हातात आहेत ते जिग तरी धड आहेत का? तो मी तेव्हाच विचारायला हवा होता.

मूल्यमापनाची आखणी

प्रत्येक लोडरला तीन कामं. नेहमीच्या झाकणाचा एक बार. मग कधी न पाहिलेला एक जॉब, सोबत त्याचं ड्रॉइंग. आणि तिसरं, सहा जिग ठेवलेल्या स्टँडवरून लागतील ते चार उचलून बार भरणं. त्या सहांपैकी तिघांची टोकं झिजलेली होती. हे लोडरना सांगितलं नव्हतं.

निरीक्षणाला दोन वेगवेगळ्या पाळ्यांचे दोन सुपरवायझर. दोघांनी एकमेकांचे कागद बघायचे नाहीत असं ठरलं. पहिल्याच दिवशी अडलं. माझ्या तक्त्यात "जॉब घट्ट बसवला" असा एक मुद्दा होता आणि त्याच बारला एकाने पूर्ण गुण दिले, दुसऱ्याने शून्य. दोघं प्रामाणिक होते, मुद्दाच आंधळा होता. तो मोडून दोन केले: अंगठ्याने बाजूने ढकलल्यावर जॉब फिरत नाही, आणि भरलेला जिग दोन्ही हातांनी धरून हलवल्यावर खडखड ऐकू येत नाही. त्यानंतर दोघांचे गुण जवळपास जुळू लागले. जिग हलवून बघायचा तो जमिनीवर किंवा स्टँडवर, टाकीच्या वर कधीच नाही, हेही लिहून ठेवलं.

बाकीचे मुद्दे असे होते: ड्रॉइंगमध्ये परवानगी असलेल्या जागीच टोक टेकवलं का, कारण त्या जागी थर धरत नाही आणि खूण राहते. हातमोजे स्वच्छ होते का. दोन जॉब एकमेकांना टेकत तर नव्हते. खोलगट भागाचं तोंड कुठे ठेवलं. या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण लोडरची समज इथेच दिसते. झाकण पालथं टांगलं तर आत वायू कोंडतो आणि तेवढा भाग कोराच राहतो. उताणं टांगलं तर ते वाटीसारखं भरून ॲनोडायझिंगच्या टाकीतलं ॲसिड पुढच्या टाकीत नेतं. म्हणून ते उभं आणि थोडं तिरकं टांगायचं, वायू वरच्या कडेने निसटावा आणि बार उचलल्यावर पाणी खालच्या कोपऱ्यातून निथळावं असं. न पाहिलेल्या जॉबला दोघा-तिघांनी लावण्याआधी हातात धरून वर-खाली फिरवून पाहिलं. पाणी कुठे साचेल याचा ते अंदाज घेत होते. तक्त्यात त्याला रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो जोडला.

एका गोष्टीला गुण नव्हते, तिथे काम थेट थांबवायचं होतं: टाकीच्या काठावरून आत वाकून वाकडा जिग सरळ करणं. एकाने ते केलं. त्याचं मूल्यमापन त्या दिवसापुरतं तिथेच थांबवलं आणि आधी त्याच्याशी बोललो.

प्रत्यक्षात काय झालं

तिसऱ्या कामाचे दोन प्रसंग सांगतो.

वयाने सगळ्यांत मोठे लोडर, ज्यांना सगळे काका म्हणत, स्टँडपाशी आले. जॉबला हात लावायच्या आधी त्यांनी प्रत्येक जिगचं प्रत्येक टोक अंगठ्याने दाबून सोडलं. टोक परत येताना अंगठ्याला जोर लागतो की नाही, एवढंच ते बघत होते. तीन जिग खाली जमिनीवर ठेवले. उरले तीन. मग सुपरवायझरकडे वळून म्हणाले, "साहेब, एक चांगला जिग द्या, मग भरतो." जिग येईपर्यंत थांबले. ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला.

दुसरी लोडर तरुण होती, हात विजेसारखा. तिने चार जिग उचलले, त्यातले दोन झिजलेले. ढिलं टोक तिला लागलीच जाणवलं. तिने खिशातून पक्कड काढली, टोक आत वाकवलं आणि जॉब बसवला. अंगठ्याने ढकलला, हलला नाही. जिग हलवला, आवाज नाही. सगळा बार वेळेच्या आत भरून झाला.

तक्त्याप्रमाणे गुण मांडले तर ती काकांच्या पुढे गेली. वेळेचे गुण होते, आणि जिग बाजूला ठेवण्याचे नव्हते.

टाकीतून बार आले. काकांचे 24 च्या 24 चांगले. तिचे पाच पातळ, पाचही पक्कडीने वाकवलेल्या टोकांवरचे. बारीक झालेलं टोक वाकवलं की हाताला घट्ट लागतं, पण त्यात स्प्रिंगचा दाब नसतो. क्रेनच्या पहिल्या धक्क्याला ते सैल पडतं.

अकरांपैकी फक्त चौघांनी एक तरी जिग बाजूला ठेवला होता.

निर्णयाची जागा

इथे दोन रस्ते होते. आकडे आहेत तसे वर पाठवायचे, किंवा थांबून तक्ता बदलायचा. परीक्षा घेऊन झाल्यावर नियम बदलले की ज्यांनी ती दिली त्यांच्यावर अन्याय होतो, ही हरकत एका सुपरवायझरने घेतली आणि ती रास्त होती. म्हणून मधला मार्ग घेतला: पहिल्या फेरीचे गुण कुणाच्याच नावावर धरायचे नाहीत. सगळ्यांची फेरी नव्याने होईल. व्यवस्थापनाला हे पटवायला दोन बैठका लागल्या. तिथे माझ्या बोलण्यापेक्षा ते पाच तपकिरी जॉब आणि त्यांचे जिग टेबलावर मांडल्याचा उपयोग जास्त झाला.

त्यानंतर मी त्या लोडरशी बोललो. "टोक ढिलं आहे हे कळलं होतं ना? मग बाजूला का नाही ठेवलं?"

ती म्हणाली, "बाजूला ठेवून दुसरा कुठून आणू, सर? पाळीला जिग मिळतात तेवढेच. एकदा मागितला होता, तर आहेत त्यात भागव म्हणाले. तेव्हापासून पक्कड ठेवते." जरा थांबून पुढे म्हणाली, "आणि तुम्ही खराब जिग मुद्दाम ठेवले होते, हे आधी सांगायला पाहिजे होतं. आम्हाला वाटलं तुम्ही आम्हाला पकडायला बसलाय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पक्कड वापरायला तिला आम्हीच शिकवलं होतं. तासाचं टार्गेट भरलेल्या बारवर मोजलं जायचं, चांगल्या निघालेल्या जॉबवर नाही. जिग बाजूला ठेवणाऱ्याचं टार्गेट चुकायचं, आणि वाकवून चालवणाऱ्याचं पूर्ण व्हायचं. काका नकार देऊ शकत होते, कारण त्यांच्या वयाला आणि नावाला कोणी उलट बोलत नसे. कंत्राटावरच्या मुलीला ती सोय नव्हती.

केलेली कृती

स्टोअरमध्ये आणि लाइनवर असलेला प्रत्येक जिग काढून तपासला. बराच मोठा भाग नव्या टोकांसाठी बाजूला गेला. लोडिंगच्या टेबलाशेजारी लाल रंगाची एक खुंटी ठोकली. ढिला जिग तिथे अडकवायचा, कुणाला विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ती खुंटी रिकामी करून तेवढेच चांगले जिग देणं ही सुपरवायझरची जबाबदारी. टार्गेट भरलेल्या बारऐवजी तपासून पास झालेल्या जॉबवर मोजायला सुरुवात केली. टेबलावर पक्कड ठेवायला बंदी केली, पण नवे जिग आल्यानंतर. आधी केली असती तर लोकांनी ती खिशात लपवली असती.

तक्त्यातून वेळेचे गुण काढून टाकले. "वापरण्याआधी टोकं तपासली" आणि "सदोष जिग बाजूला ठेवून बदली मागितली" हे दोन मुद्दे आले, आणि ते सगळ्यांना आधी वाचून दाखवले. स्टँडवर काही जिग खराब असतील, हेही सांगितलं. असं सांगितल्यावर परीक्षेला अर्थ काय उरला, असं मला विचारण्यात आलं. अर्थ उरतो. खराब जिग आहेत हे माहीत असूनही ते ओळखायचे असतात बोटांनीच.

परिणाम

पाच आठवड्यांनी दुसरी फेरी झाली. अकरापैकी नऊ जण तिन्ही कामांत पास झाले. उरलेल्या दोघांपैकी एकाला ड्रॉइंग वाचण्यात अडचण होती, त्याला त्यासाठी शिकवणी दिली. दुसऱ्याला लोडिंगऐवजी जिग दुरुस्तीत जास्त गोडी होती, तो त्याच्याच इच्छेने तिकडे गेला. कुणालाही काढलं नाही.

झाकणाच्या पातळ थराची तक्रार जवळजवळ थांबली. पूर्ण नाही. आट्यांच्या भोकांत अडकलेलं ॲसिड नंतर पाझरतं आणि रंगावर फिकट ओघळ उठतो, तो दोष तसाच राहिला. झाकण कितीही तिरकं टांगलं तरी ती भोकं पुरती निथळत नाहीत. त्यासाठी ती बुजवून घेणं किंवा धुण्याची वेळ वाढवणं हाच उपाय आहे. तो लोडरच्या हाताचा दोष नाही, म्हणून मूल्यमापनातून तो मुद्दा काढून टाकला.

पुन्हा करायचं झालं तर

आधी जिग तपासेन, मग माणसं. झिजलेल्या जिगवर घेतलेली परीक्षा कुणाचं कौशल्य मोजते, हे सांगता येत नाही.

लपवलेला सापळा ठेवणार नाही. त्या एका गोष्टीमुळे लोकांचा विश्वास गेला आणि तो परत मिळवण्यात पहिल्या दोन आठवड्यांचा बराचसा वेळ गेला.

एक फेरी रात्रपाळीत घेईन. आमच्या दोन्ही फेऱ्या दिवसा, भरपूर उजेडात आणि पाठीशी सुपरवायझर असताना झाल्या. रात्री स्टोअर बंद असताना लाल खुंटीवर जिग अडकवला तर बदली कोण देतं, हे आम्ही मोजलंच नाही.

आणि तक्ता लोडरना सोबत बसवून लिहीन. दुसऱ्या फेरीत त्या तरुण लोडरने आम्ही खराब म्हणून ठेवलेले तिन्ही जिग बाजूला काढले आणि शिवाय एक चौथा. आमच्या यादीत तो चांगला होता, टोकं नवी होती. सुपरवायझर गुण कापणार इतक्यात मी तो उचलून पाहिला. टोकं खरंच उत्तम होती. तिने तो उलटा करून वरचा हूक दाखवला. बारवर जिथे बसतो त्या जागी जळल्याचा काळा डाग होता. असा जिग लागला असता तर सहाच्या सहा जॉब पातळ निघाले असते. आमच्या यादीत हूक तपासायचा मुद्दाच नव्हता.